भंगारात देण्याआधी

दिवाळीत नातू पुण्याहून आला होता. मागच्या खोलीत डोकावून म्हणाला, "आबा, हे भंगार अजून आहेच का?" मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून त्याच्या आजीनं उत्तर दिलं, "आहे ना. वाढलंय."

वाढलंय हे खरं आहे. आजमितीला त्या खोलीत चार कॉम्प्युटर आहेत. दोन चालू, एक आजारी, आणि चौथा निव्वळ सुटे भाग काढायला ठेवलेला. एक जुना काचेच्या नळीचा मॉनिटर आहे, तो हलवायला दोन माणसं लागतात आणि त्यातला एक मी नसावा असा सौ.चा हुकूम आहे. बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू, जंपर, केबली, रॅमच्या पट्ट्या. एका डब्यावर मी 'जिवंत' आणि दुसऱ्यावर 'संशयित' अशी चिठ्ठी लावून ठेवलेली आहे. पंचाहत्तरीला आलेल्या माणसानं नामस्मरण करावं, नातवंडं खेळवावीत, फार तर गुडघ्याला तेल चोळत बसावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी डाख देत बसतो.

बरं, मी काही या विषयातला शिकलेला नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, बी.एड. केलं आणि १९७५ पासून निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, इथंच अक्कलकुव्यात मुलांना मराठी शिकवलं. समास आणि अलंकार शिकवणाऱ्या माणसाला 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' जंपर कळायला किती वेळ लागला असेल याची कल्पना करा. तरीही या छंदाविषयी माझं म्हणून एक मत आहे आणि ते आज सांगायचं आहे. थोडं भांडायचंही आहे. पण मत सांगण्याआधी मला हा नाद कसा लागला ते सांगावं लागेल, आणि त्यात माझ्या मूर्खपणाचा भाग बराच आहे.

अक्कलकुवा म्हणजे महाराष्ट्राच्या नकाशातलं वरच्या बाजूचं डावं टोक. अंकलेश्वरच्या बाजूला जाणारी बस थोड्याच वेळात गुजरातेत शिरते. खाली सपाटी, वर सातपुडा. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी देहवाली, भिलोरी, पावरी असं काही बोलत आणि शाळेत येऊन माझी पुस्तकी मराठी ऐकत. 'स' च्या जागी 'ह' येणारी ही बोली. सातपुड्याला हातपुडा म्हणतात. पहिली काही वर्षं मी ते चूक म्हणून लाल शाईनं दुरुस्त करत असे. (आज ते आठवलं की कसंतरी होतं. असो.)

१९९६ च्या दिवाळीच्या सुटीत मी मुलांना वेगळा गृहपाठ दिला. घरी जायचं, आजीला-आजोबाला विचारायचं आणि रोज दहा शब्द लिहून आणायचे. गाणं मिळालं तर गाणं. सांगणाऱ्याचं नाव आणि गाव खाली लिहायचंच. मुलांना हा अभ्यास वाटलाच नाही, म्हणून त्यांनी तो मनापासून केला! पुढची सहा-सात वर्षं हा क्रम चालला. मोलगीकडची मुलं होती, डाबची होती, काठीची होती, आणि नर्मदेच्या काठच्या गावांचीही होती. मणिबेली, चिमलखेडी, धनखेडी. ही नावं पुष्कळांनी वर्तमानपत्रात वाचली असतील. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची जी तेहतीस गावं आली त्यांतली काही आमच्याच तालुक्यातली. मणिबेलीत पाणी शिरलं ते १९९३ साली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ मध्ये पहिल्यांदा ते पूर्ण भरलं. म्हणजे माझे विद्यार्थी ज्या अंगणात बसून आजीकडून शब्द लिहून घेत होते त्यांतली काही अंगणं आज पाण्याच्या तळाशी आहेत.

सत्तावीस वह्या झाल्या. दोनशे पानी, लांब.

२००० साली मी कॉम्प्युटर घेतला. जोडून घेतलेला, तेव्हा 'असेंबल्ड' म्हणत तो. सेलेरॉन ४३३ मेगाहर्ट्झ, बत्तीस एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. गावात बघायला माणसं आली होती. त्या काळी कॉम्प्युटरवर मराठी लिहायचं म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी नावं तेव्हा डीटीपीवाल्यांच्या तोंडी असत. त्याच जातीचं एक मी घेतलं. त्याच्याबरोबर एक छोटंसं 'लॉक' मिळालं, काडेपेटीएवढं, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं. ते खोचलेलं नसेल तर सॉफ्टवेअर चालूच होत नसे. साडेसात हजार रुपये मोजले होते. ते मला पुढं फार उपयोगी पडलं, कसं ते येईलच.

रोज रात्री जेवण झालं की दोन तास टायपिंग. वीज असेल तर. तीन वर्षं लागली. साडेतीन हजारांच्या आसपास शब्द आणि एकशे बारा गाणी. होळीची, लग्नातली, दळणाची. सगळं सहा फ्लॉपींत मावलं. पहिल्या तिन्हींत शब्द, चौथीत सांगणाऱ्यांची नावं-गावं आणि गाण्यांची यादी, पाचवी आणि सहावी गाण्यांची. लेबलं सुवाच्य अक्षरात लिहिली, मास्तरच तो.

आणि २००३ च्या उन्हाळ्यात मी त्या सत्तावीस वह्या रद्दीत दिल्या.

वाळवी लागली होती हे खरं आहे. घरात जागा नव्हती हेही खरं आहे. पण मनातलं खरं कारण तिसरंच होतं. 'आता कॉम्प्युटरमध्ये आलंय ना सगळं, मग हा पसारा कशाला?' असं मला अगदी अभिमानानं वाटलं होतं. कागद हे मागासलेलं आणि कॉम्प्युटर हे कायमचं, असा त्या दिवसांत सगळ्यांचाच समज होता, आणि मी नवशिका असल्यामुळे माझा जरा जास्तच.

२००६ मध्ये मी कॉम्प्युटर 'अपग्रेड' केला. विंडोज एक्सपी टाकलं, रॅम वाढवली, नवी मोठी डिस्क बसवली. दुकानदार भला माणूस. "जुन्या डिस्कमध्ये काही महत्त्वाचं आहे का सर?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "छे, फ्लॉपीत आहे सगळं." जुनी डिस्क शे-दोनशे रुपयांच्या बदल्यात त्याच्याकडे गेली. जुनं मराठी सॉफ्टवेअर एक्सपीवर चालेना, म्हणून त्याची सीडी आणि ते लॉक मी कपाटात टाकून दिलं. साडेसात हजारांची वस्तू, टाकवत नाही हो! वह्या टाकवल्या.

पुढं २०११ मध्ये मुलानं लॅपटॉप आणून दिला आणि तो कॉम्प्युटर माळ्यावर गेला.

२०१४ च्या होळीच्या सुमारास एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आता ती स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचं घर चिमलखेडीचं, पुढं तळोद्याकडच्या वसाहतीत आलेलं. म्हणाली, "सर, नववीत असताना मी आजीचं एक गाणं तुम्हाला लिहून दिलं होतं. आजी गेली. घरात आता कोणालाच ते पूर्ण येत नाही. तुमच्याकडे असेल ना?"

मी म्हटलं, "आहे तर! उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की लॅपटॉपला फ्लॉपी घालायची जागाच नाही. मग यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह मागवली. ती यायला आठ दिवस गेले. गाणी पाचवीत आणि सहावीत, म्हणून पहिल्यांदा सहावीच घातली. खर्रर्र असा आवाज आला. पडद्यावर पाटी आली की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? मला वाचता येत नाही, तर पुसून टाकू का, असं विचारणारं ते यंत्र पाहून मी चपापलो. नाही म्हटलं आणि चौथी घातली. ती उघडली. पण फाइलमध्ये मराठीचा एक अक्षर नव्हता. रोमन लिपीतली कान्या-मात्र्यांची अक्षरं, अर्धे आकडे, डॉलर, चौकोन. सगळा काला.

याचं कारण तरुण वाचकांना सांगायला हवं, कारण त्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत. आज तुम्ही 'क' टाईप केला की जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला तो 'क' म्हणूनच कळतो. याला युनिकोड म्हणतात. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, पण घरच्या कॉम्प्युटरवर ती दिसायला विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं. त्याआधीचे आम्ही लोक कॉम्प्युटरला फसवत होतो. आत नोंद व्हायची एखाद्या रोमन अक्षराची किंवा चिन्हाची, आणि फॉण्ट त्याच्यावर 'क' चं चित्र चिकटवायचा. प्रत्येक कंपनीचं चिकटवणं वेगळं. फॉण्ट गेला की मुखवटा गळाला, खाली उरतो तो काला. जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर गेलं की 'आधी आमचा फॉण्ट उतरवून घ्या' अशी सूचना असे, ती आठवते का? तीच भानगड.

तर त्या दिवशी मी शिडी लावून माळ्यावर चढलो. सौ. खाली शिडी धरून उभी आणि तोंडानं माझा उद्धार चालू. कॉम्प्युटर खाली आणला. आत कोळ्याची जाळी आणि पालीची अंडी. वायर लावली, बटण दाबलं. काही नाही. इथून माझा छंद सुरू झाला, आणि त्याला मी छंद म्हणतो ते केवळ दुसरा शब्द नाही म्हणून.

जुना कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे वैद्यकीपेक्षा मुलाच्या अभ्यासातली चूक शोधण्यासारखं जास्त आहे. एकदम उत्तराकडे जायचं नाही. पायरी-पायरीनं जायचं आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिली पायरी वीज. एसएमपीएसच्या मोठ्या जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला टाचणीनं जोडली की नुसता पंखा फिरायला हवा. माझा फिरला नाही. आमच्याकडची भारनियमनाची वर्षं आणि वर-खाली होणारा दाब त्यानं सोसला होता, तो गेलेलाच होता. (एसएमपीएसचा डबा आणि काचेचा मॉनिटर मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आत वीज साठून राहते. मी आजवर उघडलेला नाही.) नंदुरबारहून दुसरा आणला. पंखा फिरला, पडदा काळाच. मग मदरबोर्डावर भिंग धरलं. कपॅसिटर नावाचे छोटे छोटे पिंप असतात, त्यांतली तीन डोक्यावर फुगलेली आणि एकातून तपकिरी रस आलेला. १९९९ पासूनच्या सात-आठ वर्षांत बनलेल्या पुष्कळ बोर्डांना हा रोग आहे. आतलं रसायनच निकृष्ट होतं. गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, त्यांच्या दुकानात बसून मी डाख द्यायला शिकलो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी. त्यांनी माझी पहिली तीन सोल्डरिंगं पाहिली आणि शेरा दिला, "सर, ही काढून परत करा."

त्यानंतर तो बोलायला लागला. म्हणजे बीप द्यायला लागला. हे बीप मला फार आवडतात. चाळीसएक वर्षं शाळेची घंटा मोजण्यात गेल्यामुळे असेल. लांब लांब बीप पुन्हा पुन्हा येत राहिले तर रॅम नीट बसलेली नाही. एक लांब आणि दोन आखूड आले तर चित्राच्या कार्डाचं दुखणं. प्रत्येक बायोसची परिभाषा थोडी वेगळी. माझ्याकडे लांब येत होते. रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबरानं पुसल्या, पुन्हा दाबून बसवली आणि एकच आखूड बीप आला. म्हणजे सगळं ठीक. पडद्यावर अक्षरं उमटली. तारीख होती १ जानेवारी १९८०. बोर्डावरची बटणासारखी बॅटरी मेली की असंच कुठलं तरी जुनं साल येतं. त्या तारखेला मी जेमतेम तिशीचा होतो. तीस-चाळीस रुपयांची सीआर २०३२ बॅटरी घातली आणि पुन्हा म्हातारा झालो.

विंडोज ९८ टाकलं. कपाटातून सीडी काढली, लॉक काढलं, प्रिंटरच्या पोर्टात खोचलं. चाललं! चौथी फ्लॉपी घातली आणि पडद्यावर स्वच्छ देवनागरीत मुलांची, त्यांच्या आज्यांची, गावांची नावं आली. गाण्यांची यादीही त्यातच होती. एकाहत्तर क्रमांकासमोर चिमलखेडी आणि त्या मुलीच्या आजीचं नाव.

एकाहत्तर म्हणजे सहाव्या फ्लॉपीत.

उरलेल्या फ्लॉपींना बुरशी होती. पावसाळ्यात भिंतीला ओल येणाऱ्या घरात अकरा वर्षं राहिल्यावर दुसरं काय होणार? बुरशी आली तरी फ्लॉपी वाचते. वरचं प्लॅस्टिकचं कवच उघडायचं, आतली तपकिरी चकती अलगद काढायची, साबणाच्या पातळ पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची, दुसऱ्या स्वच्छ फ्लॉपीच्या कवचात घालायची. ड्राइव्हचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं. मग डॉसमध्ये जाऊन कॉपीचा हुकूम द्यायचा आणि यंत्र अडखळून 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' असं विचारील तेव्हा न कंटाळता रिट्राय म्हणायचं. तिसऱ्या फ्लॉपीला मी एका जागी चाळीसच्या वर वेळा रिट्राय म्हटलं आणि ती पुढं सरकली. अशा पाच फ्लॉपी परत आल्या.

सहावी आली नाही. तिला काही झालं असेल तर ते माझ्या हातून. पहिल्याच दिवशी बुरशीसकट ती ड्राइव्हमध्ये घातली आणि तो खर्रर्र आवाज आला, तेव्हा हेडनं बुरशीबरोबर वरचा चुंबकी थरही खरवडून काढला. चकती उजेडात धरली की गोल ओरखडा आरपार दिसतो. गाण्यांच्या फाइलींचा पत्ता ज्या भागात लिहिलेला असतो तिथंच बाहेरच्या कडेला. बावन्न गाणी त्यात आहेत.

त्या मुलीला मी फोन करून खरं ते सांगितलं. ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "राहू द्या सर, आजीचं नाव तरी तुमच्याकडे आहे." मला तिनं रागावायला हवं होतं.

आता माझं मत. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांविषयी लोकांना दोनच गोष्टी वाटतात. एक तर हा हौशी संग्रह आहे, जुन्या मोटारींसारखा. नाहीतर म्हातारचळ आहे. माझं म्हणणं असं की निदान मराठीसाठी, आणि आमच्याकडच्या बोलींसाठी तर नक्कीच, चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर ही गरजेची वस्तू आहे. अंदाजे १९९० ते २००५ ही पंधरा वर्षं अशी आहेत की त्यांतलं पुष्कळसं मराठी लेखन कागदावर उरलेलं नाही आणि आजच्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक-दोन डीटीपी सेंटरं होती. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, कुणाचा गौरवग्रंथ, एखाद्या मास्तराचा एकुलता एक कवितासंग्रह, गावचं साप्ताहिक, सगळं पेजमेकरमध्ये जुळवलेलं. ती सेंटरं आता झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जची दुकानं झाली. त्या डिस्का कुठं गेल्या?

नातू म्हणाला, "आबा, कन्व्हर्टर असतात ना. जुन्या फॉण्टचं युनिकोड करून देतात." असतात. मी वापरतोही. नेहमीच्या मराठी मजकुराला ते उत्तम काम देतात. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार कधी चुकीच्या अक्षरावर बसवतात तेवढं हातानं दुरुस्त करायचं. पण देहवालीतले काही उच्चार मला मराठी अक्षरांत बसवता येईनात, तेव्हा मी अवग्रह आणि नुक्ता वाटेल तिथं वापरून माझ्यापुरती खूण ठरवली होती. (मी भाषाशास्त्रज्ञ नाही. कानाला जसं लागलं तसं केलं.) कन्व्हर्टरला मराठी येतं, माझ्या खुणा येत नाहीत. तो त्या गाळून टाकतो आणि गाळल्या म्हणून सांगतही नाही. मूळ पडद्यावर काय दिसत होतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते समजत नाही, आणि मूळ पडदा फक्त त्या सॉफ्टवेअरवर, ते सॉफ्टवेअर फक्त त्या लॉकवर, आणि ते लॉक फक्त त्या पोर्टात. नव्या लॅपटॉपवर जुनं विंडोज नाटकातल्या पात्रासारखं उभं करता येतं, पण लॉक खोचायचं कुठं?

माझ्यासारख्यांची ही कथा फक्त आडगावची आहे असंही नाही. इंग्लंडात १०८६ साली राजानं सगळ्या मुलखाची नोंद करवून घेतली, ते डूम्सडे बुक आजही वाचता येतं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीनं नवी नोंद केली. लाखो लोकांनी, त्यात शाळेतल्या मुलांनी, आपापल्या गावाबद्दल लिहून दिलं आणि ते लेझर डिस्कवर भरलं. पंधरा-सोळा वर्षांत अशी वेळ आली की ती डिस्क वाचणारी यंत्रं मोडकळीला आली आणि २००२ च्या सुमारास संशोधकांना जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल नव्या कॉम्प्युटरवर उभी करून ती वाचवावी लागली. गंमत म्हणजे ते यंत्र बीबीसी कॉम्प्युटरच्याच घराण्यातलं होतं, आणि आपल्याकडे १९८४ साली 'क्लास' प्रकल्पात शाळांना दिले गेले ते कॉम्प्युटरही त्याच घराण्यातले. आमच्या भागापुरतं बोलायचं तर ग्रिअर्सनसाहेबानं भारतीय भाषांच्या पाहणीत भिल्ल बोलींचा जो खंड छापला तो १९०७ चा. त्यात देहवाली आहे. तो आजही उघडून वाचता येतो. त्याच्यानंतर नव्वद-पंच्याण्णव वर्षांनी केलेलं माझं काम अकरा वर्षांत बुरशीनं खाल्लं.

दुसरं भांडण माझं छंदवाल्यांशीच आहे. यातही दोन पंथ आहेत. एका पंथाला जुन्या यंत्रात नवं काहीच चालत नाही. डिस्कसुद्धा त्याच काळातली हवी, मग ती कण्हत का असेना. दुसऱ्या पंथाला सगळंच बदलायचं असतं. शेवटी जुना राहतो तो नुसता डबा. मी मधला. कामाला लागेल तेवढं बदलावं. रॅम मी १२८ एमबी केली, बास झाली. विंडोज ९८ ला ५१२ च्या पुढची रॅम तशीही पचत नाही. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी कॅमेऱ्यात असे ते कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं. ते कार्ड जात्याच आयडीई भाषा बोलतं, त्यामुळे स्वस्तातल्या जोडपट्टीवर बसतं. फिरणारा भाग नाही, आवाज नाही, उष्णता नाही. शिवाय ते उपसून लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घातलं की फाइली पाच मिनिटांत इकडून तिकडे. सगळ्या अपग्रेडमध्ये हेच मला खरं अपग्रेड वाटलं. मात्र फ्लॉपी ड्राइव्ह, प्रिंटरचं पोर्ट आणि विंडोज ९८ यांना हात लावायचा नाही. त्या तीन गोष्टींसाठीच तर तो डबा ठेवलाय.

तिसरी तक्रार शाळांबद्दल, आणि मी शाळेतलाच माणूस असल्यामुळे ती करायचा मला हक्क आहे. शाळाशाळांत जुने कॉम्प्युटर कोंदट खोलीत रचून ठेवलेले असतात. डेड स्टॉक रजिस्टरवर नोंद आहे म्हणून फेकता येत नाहीत आणि बिघडले म्हणून वापरता येत नाहीत. एक दिवस निर्लेखनाचा ठराव होतो, भंगारवाला येतो, किलोवर घेऊन जातो. आत काय आहे हे कोणी बघत नाही. आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. माणसांच्या बोटांचे ठसे जपायचं तंत्र आपल्याला चांगलं जमलं आहे. त्याच माणसांच्या मुलांनी लिहिलेली हस्तलिखितं, शाळेची नियतकालिकं, परिसराचे प्रकल्प ज्या डिस्कांत आहेत त्या मात्र वजनावर. निर्लेखनाच्या ठरावात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे, की डिस्क काढून आतलं पाहिलं आणि काय सापडलं ते लिहून ठेवलं? आणि तालुक्याला एक, फक्त एक, फ्लॉपी ड्राइव्हवाला चालू कॉम्प्युटर एखाद्या वाचनालयात ठेवायला कितीशी जागा लागते?

गेल्या दोन-तीन वर्षांत लोक माझ्याकडे डिस्का आणून द्यायला लागले आहेत. बहुतेक वेळा आत लग्नपत्रिका निघतात. एकदा एका दिवंगत मुख्याध्यापकांच्या आठवणींची चाळीस पानं निघाली, त्यांच्या घरच्यांना ती लिहिली होती हेच ठाऊक नव्हतं. पैसे घेत नाही. चहा पाजतो, तोही सौ.च्या मूडवर अवलंबून. तुमच्याकडेही कपाटात फ्लॉपी असतील तर एवढं ऐका. कुतूहलापोटी लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. आधी झाकण सरकवून चकतीवर पांढरे ठिपके आहेत का ते उजेडात बघा. असतील तर तशीच राहू द्या आणि धुणाऱ्या माणसाकडे न्या.

सहावी फ्लॉपी माझ्याकडे आहे. तिच्या शेजारी औषधाच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते तेव्हा वर्षातून एकदा काढतो. खराब झालेला भाग ओलांडून पुढचा थर चकतीवरून जसाच्या तसा वाचणारी उपकरणं आता मिळतात, असं नातवानं या खेपेला सांगितलं. भंगार म्हणाला खरा, पण जाताना त्या फ्लॉपीचा फोटो काढून घेऊन गेला. उपकरण पाठवतो म्हणालाय. त्या मुलीला मी अजून कळवलेलं नाही.